नाकाचा दांडा

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात इब्रामपूर येथे एका सभासद शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली आणि विषय त्यांनी आमच्यावरच सोपविला. मास्तराला मोकळे सोडले की तो शिक्षणाचे महत्त्व सांगू लागतो आणि मागच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होऊ लागतात, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आज आम्ही सर्वांच्या तोंडासमोरचा, किंबहुना तोंडाच्या मधोमध असलेला विषय निवडला आहे. आम्ही नाकाविषयी बोलणार आहोत. त्यातही नाकाच्या दांड्याविषयी.

हसावयास हरकत नाही. परंतु पाहा, आपल्या भाषेत नाकाइतका मान दुसऱ्या कोणत्या अवयवाला आहे? घराण्याची अब्रू गेली की नाक कापले जाते, शरण जाणारा नाक घासतो, न आवडले की नाक मुरडतो, आणि काम अवघड झाले की नाकी नऊ येतात. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते ठिकाण म्हणून नाशिकचे नाव पडले, असे लोक मानतात. आणि बसक्या नाकाची मुलगी दिसली की कोणी तरी आजीबाई सहज बोलून जातात, ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने.’ या म्हणीकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे. कारण तिच्यापायी एका मुलीने डोळ्यांतून काढलेले पाणी आम्ही पाहिले आहे, आणि त्या पाण्यात आमचाही दोष होता.

प्रथम या नाकाची रचना समजून घेऊ. आपली कौलारू घरे सर्वांच्या परिचयाची आहेत. माथ्यावर आढे असते, त्याच्या दोन्ही अंगांना वासे उतरतात, वर रिपा आणि कौले, आणि आढ्याला खालून आधार असतो तो मधल्या भिंतीचा. नाकही असेच बांधलेले आहे. दांडा म्हणजे आढे. दोन भुवयांच्या मधून निघालेला त्याचा वरचा भाग हाडाचा, दोन लहान हाडे एकमेकांना टेकून झालेला. तेथून शेंड्यापर्यंत हाड नाही, तेथे कूर्चा आहे. कान वाकविला असता हाताला लागते ती लवचीक वस्तू. दोन नाकपुड्यांमधला पडदा म्हणजे मधली भिंत. तीही पुढच्या भागात कूर्चेचीच आहे. हाड जेथे संपते आणि कूर्चा जेथे सुरू होते, तेथे हाडाची कड कूर्चेवर थोडी चढलेली असते, जसे वरचे कौल खालच्या कौलावर चढते तसे. साऱ्या दांड्याची मजबुती या सांध्यावर आणि खालच्या पडद्यावर अवलंबून आहे. भिंत खचली की आढे वाकते आणि कौले मधोमध बसतात. नाकाचेही तसेच होते, आणि घोड्याच्या खोगिरासारखा खड्डा पडलेले ते नाक डॉक्टर लोकांच्या भाषेतही खोगीर-नाक म्हणूनच ओळखले जाते.

आता आमची गोष्ट. ती सांगण्यापूर्वी त्या मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी आम्ही घेतली आहे. नाव सांगत नाही; ओळखणारे ओळखतील आणि मनात ठेवतील, एवढा विश्वास आहे.

आठ वर्षांपूर्वी, शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव चालला होता. सातवीतली एक चपळ मुलगी खांबाला वळसा घालताना घसरली आणि तिचे नाक खांबावर आपटले. भळभळा रक्त आले. मैदानावर जबाबदार मनुष्य म्हणजे आम्हीच. आम्ही तिची मान मागे केली, डोक्यावर गार पाणी ओतले, ओला रुमाल नाकावर ठेवला. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले. आम्ही समाधानाने म्हणालो, “काही नाही, घरी जाऊन पड,” आणि मैत्रिणीबरोबर तिला घरी धाडून दिले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तेव्हा तोंड सुजलेले होते. हळूच म्हणाली, “सर, नाक बंद झालंय. दोन्ही बाजूंनी.” आम्ही म्हणालो, “सूज आहे, उतरली की मोकळे होईल.” तिसऱ्या दिवशी ताप आला. घरच्यांनी काढा दिला, शेक दिला. मास्तरांनी पाहिले आहे, मास्तर म्हणाले काही नाही, मग घाबरावयाचे कशाला? पाचव्या दिवशी वडिलांनी मजुरी बुडवून तिला बसने मोठ्या रुग्णालयात नेले. तेथल्या डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहताच सांगितले की पडद्याच्या दोन्ही अंगांना रक्त साठून त्याचा पू झाला आहे. त्यांनी तो त्याच दिवशी काढला. जीवावरचे टळले. परंतु आतली कूर्चा तोवर विरघळून गेली होती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिच्या नाकाचा दांडा मधोमध बसत गेला.

यातली कारणमीमांसा आम्ही नंतर शिकलो, ती येथे सांगतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना चिकटलेले जे पातळ आवरण असते त्यातून झिरपणाऱ्या अंशावर ती जगते. मार लागला आणि आवरणाच्या आत रक्त साठले, की आवरण कूर्चेपासून सुटते. मातीपासून मूळ सुटलेल्या वेलीची जी गत, तीच कूर्चेची. तीन-चार दिवसांत ती मरू लागते, आणि त्यात जंतूंचा शिरकाव झाला तर त्याहूनही लवकर. पहिल्या दिवशी बारीकसा छेद देऊन ते रक्त काढले असते तर सारे वाचले असते. काम थोड्या वेळाचे होते. आम्ही ते पाच दिवस लांबविले.

रुग्णालयात डॉक्टरांनी वडिलांना विचारले, “पहिल्याच दिवशी का आणली नाही?” ते गृहस्थ एवढेच म्हणाले, “उशीर झाला.” मास्तरांनी घरी पाठविली, असे त्यांनी तेथे सांगितले नाही, आणि आजतागायत आम्हांला ऐकविलेले नाही. त्यांनी ऐकविले असते तर कदाचित आम्ही हे व्याख्यान द्यावयास उभे राहिलो नसतो.

त्यानंतर आम्ही वाचावयास लागलो. आम्ही प्रशिक्षित पदवीधर खरे, मुलांना शरीरशास्त्राचा धडाही शिकवीत होतो, पण नाकाविषयी आमचे ज्ञान चित्रात बाण दाखविण्यापुरतेच होते. वाचता वाचता असे आढळले की मोडलेले नाक पुन्हा उभे करण्याची विद्या जगाला शिकविली ती आपल्याच देशाने, आणि तिची सर्वांत गाजलेली हकिकत घडली ती पुण्यास.

सुश्रुताच्या ग्रंथात या कृतीचे वर्णन आहे. कापलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा सोडवावी, ती पूर्ण तोडू नये, नाकाच्या खरवडून ताज्या केलेल्या जागेवर ती बसवून शिवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात. किती बारीक विचार आहे पाहा. नळ्या नसत्या तर नाक दिसले असते, पण चालले नसते.

पुढे ही विद्या पंडितांच्या पोथीतून निघून कारागिरांच्या हाती आली. १७९२ सालच्या टिपूविरुद्धच्या युद्धात कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी अनेक राज्यांत चाले. शत्रूला जिवंत ठेवून जन्मभर तोंड लपवावयास लावणे हा तिचा हेतू. कावसजी सुमारे वर्षभर नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मुंबईकडचे क्रूसो आणि फिंडले असे दोन इंग्रज डॉक्टर ते पाहावयास हजर होते. कृती अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. तेवढी कपाळाची कातडी सोडविली, पण दोन डोळ्यांमधला एक अरुंद पट्टा जोडलेलाच ठेवला, रक्त वाहते राहावे म्हणून. मग ती कातडी अर्धा वेढा देऊन खाली वळविली आणि नाकाच्या जागी पाडलेल्या खाचेत तिच्या कडा बसविल्या. वर कापडावर काथ लावून ती पट्टी चिकटविली. होय, आपण विड्यात खातो तोच खैराचा काथ! चार दिवसांनी ती काढून तुपात भिजविलेले कापड ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या घड्या सारल्या, आणि सुमारे २५ दिवसांनी डोळ्यांमधला पट्टा कापून नाक स्वतंत्र केले. भूल देण्याचे औषध तेव्हा जगात नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रे काढणारे जेम्स वेल्स यांनीच कावसजीचेही चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ही हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने वर्षानुवर्षे मृतदेहांवर अभ्यास केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये जिवंत माणसावर ती शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्याचे पुस्तक निघाले आणि युरोपभर या रीतीला भारतीय पद्धत हेच नाव पडले. आपल्या देशातही ही विद्या थांबली नव्हती. जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी स्वतः केलेल्या १०० नाकांचे वर्णन १८८९ साली पुस्तकरूपाने छापले.

वाईट एवढेच वाटते की कावसजीचे नाव जगाला माहीत आहे, त्याचे नाक कापणाऱ्याचेही नाव माहीत आहे, परंतु नाक जोडणाऱ्या त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कपाळाच्या कातडीने नाक झाकले, परंतु आढे कोठून आणावयाचे? नुसती कातडी उभी राहत नाही. काही काळाने आकसते आणि बसते. म्हणून पुढच्या शल्यवैद्यांनी हिशेब बसविला की नाकाला तीन थर पाहिजेत : आत अस्तर, मध्ये सांगाडा, वर कातडी. सांगाड्यासाठी कूर्चा घ्यावयाची ती पडद्याची, कानाची किंवा बरगडीची. आजही मोठे नाक नव्याने करावयाचे तर कपाळाचीच कातडी वापरतात आणि तिच्याखाली असा सांगाडा उभारतात. विटा पाडणाऱ्या त्या कारागिराचा हात आजच्या शस्त्रक्रियागृहातही आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

याचे आपल्या बाजूचे एक मोठे उदाहरण आहे. कुष्ठरोगात नाकाचे अस्तर आणि पडदा झिजून दांडा बसतो, आणि रोग बरा झाला तरी ते नाक मनुष्याला समाजात परत येऊ देत नाही. डॉक्टर नोशीर अंतिया यांनी १९५०च्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात अशा लोकांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. ज्यांना लोक शिवत नव्हते त्यांची नाके आणि हात त्यांनी सुधारले. नाक नुसते रूपासाठी नसते, माणसांत बसण्यासाठी असते, हे त्यांच्या कामावरून पटते.

याच्या उलट दुसरी बाजू आहे. नाक बसलेले नाही, उलट दांड्यावर उंचवटा आहे, पोपटाच्या चोचीसारखा, आणि तो माणसाला नको आहे. बर्लिनचे डॉक्टर जॅक जोसेफ यांनी १८९८ साली अशा एका तरुणाचे नाक लहान केले. लोकांच्या नजरांना कंटाळून तो घराबाहेर पडेनासा झाला होता. पुढे नाकाच्या आतून हत्यार घालून उंचवटा कापण्याची त्यांची रीत जगभर पसरली. या रीतीत आढ्याचा वरचा भाग करवतून काढून टाकतात. साहजिकच माथ्यावर फट पडते. ती मिटविण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडे मुळाशी कापून आत सारतात, म्हणजे दोन्ही वासे पुन्हा एकमेकांना टेकतात. चांगल्या हाताने केलेले हे काम चांगलेच होते. पण आढे आणि तो कौलांसारखा सांधा एकदा तुटला तो तुटलाच. काहींच्या बाबतीत काही वर्षांनी मधली कूर्चा आत पडते, दांड्यावर उलट्या दोन वाशांसारखी सावली दिसते आणि श्वास कोंडतो. त्यावर उपाय म्हणून पडद्याच्या दोन्ही अंगांना कूर्चेच्या पट्ट्या पाचरीसारख्या बसवितात. अमेरिकेतील डॉक्टर जॅक शीन यांनी १९८४ साली या पट्ट्यांचे वर्णन केले.

तेव्हा प्रश्न असा, की आढे न तोडता छप्पर खाली घेता येईल काय? आपल्याकडचा जाणता सुतार काय करील? तो आढे करवतणार नाही. तो मधल्या भिंतीचा माथा हवा तेवढा उतरवील, बाजूच्या भिंती बुडाशी मोकळ्या करील, आणि सारे छप्पर जसेच्या तसे खाली बसवील. नाकाचेही नेमके असेच करता येते. पडद्यातून कूर्चेची एक पट्टी काढावयाची, बाजूची हाडे गालाजवळ आणि कपाळाजवळ कापून मोकळी करावयाची, आणि दांडा अखंड ठेवून खाली उतरवावयाचा. बाजूची हाडे आत सरकू दिली तर ती एक रीत, आणि त्यांच्या बुडाची एक चीप काढून त्यांना गालाच्या हाडावर टेकविले तर ती दुसरी. दोन्हींत माथ्यावरची कातडी, हाड, कूर्चा आणि सांधा निसर्गाने घडविलेलेच राहतात.

मौज अशी की ही कल्पना नवी नाही. बोस्टनचे गुडेल यांनी १८९९ सालीच ती मांडली, १९१४ साली लोथ्रॉप यांनी तिच्यात भर घातली, आणि शतकाच्या मध्यास शिकागोचे मॉरिस कॉटल यांनी तिला पद्धतशीर रूप दिले. पण जोसेफ यांची रीत शिकावयास सोपी म्हणून तीच चालली. अलीकडे फ्रान्सचे डॉक्टर ईव्ह साबां यांच्यासारख्यांनी दांडा राखण्याची रीत पुन्हा पुढे आणली आणि २०१८ पासून तिचा जगभर बोलबाला झाला. ध्वनिलहरींवर चालणारी बारीक हत्यारेही आली आहेत. ती हाड कापतात आणि मऊ भागाला फारसे दुखवीत नाहीत.

परंतु ऐकून कोणी धाव घेऊ नये. ही रीत प्रत्येक नाकाला लागू नाही. वाकडे मोडलेले नाक, आधी शस्त्रक्रिया झालेले नाक, दांडा बसलेले नाक, यांना तिचा उपयोग कमी. उंचवटा थोडा परत वर येण्याचाही संभव असतो. एक नियम मात्र जुन्या-नव्या सर्वांना बांधून आहे : पडद्यातून कूर्चा काढावयाची झाली तर दांड्याच्या खाली आणि पुढच्या कडेला निदान एक सेंटीमीटर रुंदीचा काटकोनी भाग राखलाच पाहिजे. तो राखला नाही तर उपाय करणाराच नाक बसवितो.

तात्पर्य, जे आहे ते राखणे हे नवे करण्यापेक्षा नेहमीच सोपे, स्वस्त आणि टिकाऊ. राखावयास जे उरलेलेच नाही, तेथेच नवे उभारावे लागते. आमच्या विद्यार्थिनीच्या नशिबी हे दुसरे आले.

पाच वर्षे तिला थांबावे लागले, कारण चेहऱ्याची वाढ पुरी होण्यापूर्वी डॉक्टर सहसा असे काम हाती घेत नाहीत. ती पाच वर्षे आम्ही पाहिली आहेत. खो-खो तिने सोडला. वर्गाच्या छायाचित्रात ती नेहमी कोणाच्या तरी खांद्याआड असे. ओढणीचा पदर बोलताना नाकाशी जाई. आणि ती म्हण तिच्या कानांवर पडत राहिली. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते, पण शब्द तर बोलले गेले. ती आठवीत असताना एकदा म्हणाली, “सर, म्हण मराठीच्या पुस्तकात आहे म्हणजे ती खरी असते का?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

सतराव्या वर्षी शस्त्रक्रिया ठरली तेव्हा घरच्यांच्या जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च ट्रस्टने उचलला. त्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी शंका काढली, “मास्तर, अल्लाने दिलेले रूप बदलणे बरे का?” शंका प्रामाणिक होती. आम्ही काही आलिम नव्हे. परंतु अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस-संग्रहांतली एक हकिकत आम्ही सांगितली. अरफजा बिन असअद नावाच्या गृहस्थांचे नाक कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक करून बसविले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना सोन्याचे नाक करावयास सांगितले. सोने पुरुषांना वर्ज्य असताना ही मोकळीक दिली गेली, कारण तो शृंगार नव्हता, गरज होती. गेलेले परत जोडणे वेगळे आणि आहे त्याचा कंटाळा करून बदलणे वेगळे. त्या सभासदांनी थोडा वेळ विचार केला आणि पहिली वर्गणी त्यांनीच टाकली.

डॉक्टरांनी तिच्या बरगडीची कूर्चा काढून, कोरून दांड्याच्या जागी बसविली. बरगडीची कूर्चा वाकण्याचा धोका असतो, म्हणून तिचा मधला भाग जपून कोरावा लागतो, असे त्यांनी समजाविले. आज तिचे नाक चारचौघींसारखे आहे. पूर्वीचे नाही; पूर्वीचे फार सुबक होते. छातीवर एक व्रण आहे. पण श्वास मोकळा आहे आणि ओढणी खांद्यावर आहे. हे भाषण आम्ही तिला आधी वाचून दाखविले. तिने एकच दुरुस्ती केली. म्हणाली, “सर, नाक बंद झालंय हे मी तुम्हांला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं.” दुरुस्ती आम्ही येथे नोंदवीत आहोत.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो आणि आटोपतो. मातांनी विशेष लक्ष द्यावे.

पहिली. नाकातून रक्त येत असेल तर मान मागे करू नये. रक्त घशात उतरते. ताठ बसवून मान थोडी पुढे करावी, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा आणि दहा-पंधरा मिनिटे सोडू नये. श्वास तोंडाने घ्यावा. डोक्यावर पाणी ओतण्याने वेळ जातो, एवढेच.

दुसरी. रक्त थांबले म्हणजे संपले असे समजू नये. नाकाला मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद वाटल्या, किंवा विजेरीच्या उजेडात मधल्या पडद्यावर लालसर-जांभळी मऊ फुगवटी दिसली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे. उद्या नव्हे. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. त्यांचे नाक मुख्यतः कूर्चेचेच असते, आणि ती गेली तर पुढची वाढही खुंटते. दिसत नसले आणि शंका असली तरी न्यावे. मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखे स्वच्छ थेंब गळू लागले, शुद्ध हरपली किंवा ओकाऱ्या झाल्या, तर क्षणाचाही विलंब करू नये.

तिसरी. नाक वाकडे झाले असेल तर घरच्या कोणी ते ओढून सरळ करू नये. तीन-चार दिवसांत सूज उतरली की डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. हाड जागेवर बसवावयाचे ते लहान मुलांत आठवड्याच्या आत आणि मोठ्यांत दोन आठवड्यांच्या आत. नंतर ते वाकडेच जुळते.

चौथी. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना नाक सरळ यावे म्हणून दांडा चिमटीत धरून ओढण्याची आपल्याकडे रीत आहे. हिंदूंच्या घरी आहे, मुसलमानांच्या घरी आहे, ख्रिस्ती घरीही आहे. या एका बाबतीत आपण सारे एक आहोत! त्याने नाक तसूभरही उंच होत नाही. नाकाचा घाट आईबापांकडून येतो. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्याच्या नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून आजार होतो.

शेवटी ट्रस्टला एक विनंती. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपण मदत केली, ती योग्यच होती. परंतु पाच दिवसांपूर्वी कोणी तरी गाडीभाडे हाती दिले असते तर त्या शस्त्रक्रियेची गरजच पडली नसती. आपल्या गावातून मोठे रुग्णालय गाठावयाचे म्हणजे मजुरी बुडते, गाडी करावी लागते, आणि गरीब मनुष्य म्हणतो, उद्या पाहू. या ‘उद्या’पायी फार नाके बसली आहेत, आणि नाकांपेक्षा मोठ्या गोष्टीही गेल्या आहेत. म्हणून या महोत्सवाची आठवण म्हणून एक लहानसा ‘त्याच दिवशी’ निधी काढावा. अर्ज नको, बैठक नको. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या बाईंनी सांगितले की गाडीचे पैसे मिळावेत, हिशेब मागाहून व्हावा. या निधीत पहिला एक महिन्याचा पगार आम्ही घालीत आहोत. यात औदार्य काही नाही; ते जुने देणे आहे.

आणि त्या म्हणीबद्दल. मुलीच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर दिले नव्हते, ते आज देतो. बाळ, पुस्तकात आहे म्हणून म्हण खरी ठरत नाही. सतराशे विघ्ने नकटीच्या नाकात नसतात, ती बोलणाऱ्यांच्या जिभेवर असतात. आणि तेथील शस्त्रक्रिया आपली आपणच करावयाची असते.

 ट्रस्टचा सुवर्णमहोत्सवही याच मांडवात पाहण्याचे भाग्य आपल्या मुलाबाळांना लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.